म्हस्कूची जास्तीची मूठ

म्हस्कू येतोय हे गावाला आधी नाकानं कळायचं. ब्लीचिंग पावडरीचा तो वास त्याच्या धोतराला, पटक्याला, हाताच्या तळव्यांना असा काही मुरला होता की लग्नाच्या पंगतीतही त्याच्या शेजारचं पान जरा उशिरानंच भरायचं. बायको आसराबाई म्हणायची, "लाइफबॉय लावा, न्हाईतर राख लावा, तुमच्या हातचा घास खाल्ला की इहीर खाल्ल्यावाणी वाटतं." म्हस्कू त्यावर हसायचा. त्याला त्या वासाचा अभिमानच होता.

केदारखेड्याहून गिरजा नदीच्या काठाकाठानं तासभर चाललं की त्याचं गाव लागतं. नाव सांगत नाही, सांगून तालुक्याबाहेर कोणाला कळतही नाही. दीड-दोनशे घरं, पिण्याच्या पाण्याची विहीर एक, आणि त्या विहिरीत रोज सकाळी पावडर टाकणारा माणूसही एक. ग्रामपंचायतीच्या कागदावर तो शिपाई होता. पण झाडलोट, दवंडी, सभेच्या सतरंज्या ही कामं त्यानं कायम मारून-मुटकून केली. त्याचा जीव होता तो विहिरीत. लोकही त्याला पाणीवालाच म्हणत.

हा माणूस पाणीवाला झाला तो चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात. जिल्हा नवा झाला होता, पण गावात त्याचा पत्ता नव्हता. त्या श्रावणात उलट्या-जुलाबाची साथ आली. नदीला पूर, पलीकडे जायला वाट नाही, आणि सात दिवसांत नऊ माणसं गेली. त्यात म्हस्कूची चार वर्षांची बेबीनंदा होती. सकाळी उठून तिनं गूळ मागितला. आसराबाईनं दिला नाही, पोट बिघडेल म्हणून. दुपारी पोर आईच्या मांडीवर गेली. तो गुळाचा खडा आसराबाईच्या घशात आयुष्यभर अडकून राहिला, आणि म्हस्कूच्या घशात हे, की ते पाणी त्यानं स्वतः शेंदून आणलं होतं.

पूर ओसरल्यावर तालुक्याहून भुजंग नावाचा आरोग्य सेवक सायकलवर पावडरीची पिशवी बांधून आला. सरपंच रामरावांनी चावडीत विचारलं, "रोजच्या रोज हे काम करील कोण?" त्यांचं वाक्य पुरतं व्हायच्या आत म्हस्कू उठून उभा राहिला होता.

भुजंग तोंडाचा फटकळ, पण शिकवायला मन लावून शिकवायचा. त्यानं विहिरीचं पाणी मोजायला शिकवलं, किती पाण्याला किती पावडर ते एका पितळी वाटीवर खूण करून दिलं. बादलीत पावडर कालवायची, अर्धा तास निवळू द्यायची, चुन्याचा गाळ खाली ठेवून वरचं नितळ पाणी तेवढं विहिरीत सोडायचं. मग एका छोट्या नळीत विहिरीचं पाणी घेऊन त्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे. फिकट पिवळं झालं तर बरोबर, गडद झालं तर जादा. विहिरीवर उंबराचं मोठं झाड झुकलेलं होतं. त्याकडे बोट दाखवून भुजंग म्हणाला, "हा पाला आठवड्याला काढायचा. उन्हाळ्यात गाळ उपसायचा. घाण तशीच ठेवून वरून पावडर वाढवायची न्हाई. जादा टाकली म्हणजे जादा चांगलं, असं बिलकुल समजू नको."

म्हस्कूनं मान हलवली. सगळं लक्षात ठेवलं. वाटीची खूण कधी चुकली नाही.

पण म्हस्कूचा बाप मेंढरं राखायचा. पावसाळ्याच्या तोंडाला वाड्यातल्या मेंढरांना दगडावर मीठ घालायचं, तेव्हा सगळ्या दगडांवर घालून झालं की बाप एक मूठ वेगळ्या दगडावर ठेवायचा. त्या वर्षात जे मेंढरू लांडग्यानं नेलं, पुरात गेलं, रोगानं मेलं, त्याच्या नावाची ती मूठ. गेलेल्याला विसरलं की राहिलेलंही जातं, असं त्या घरात मानत. म्हस्कूच्या घरात मेंढरं राहिली नव्हती, तीन एकर कोरडवाहू तेवढं होतं. तरी पहिल्याच दिवशी वाटी रिकामी करून झाल्यावर त्याचा हात आपोआप पिशवीत गेला आणि एक मूठ जास्तीची बादलीत पडली. बेबीनंदाची. भुजंगनं शिकवलं ते वाटीत, बापानं शिकवलं ते मुठीत. कोणाला सांगायचं कारणच नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात गावात एकालाही जुलाब झाले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. आता यात वाटीचं श्रेय किती आणि मुठीचं किती, हे कोण सांगणार? म्हस्कूनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं. नळीतलं पाणी हळदीसारखं पिवळं दिसलं की त्याला बरं वाटायचं. भुजंग आला की खेकसायचा, "अरे, हे काय पाणी हाय का काय हाय?" म्हस्कू म्हणायचा, "साहेब, जरा हात चुकला." मग भुजंगची बदली झाली आणि खेकसणारं कोणी उरलं नाही.

दोन वर्षं त्यानं पाला इमानानं काढला. मग आळस आला म्हणावं तर तसंही नाही. विहिरीत उतरून गाळ काढायचा तर आठ माणसं आणि दोन दिवस लागत, आणि प्रत्येकाला नेमकी त्याच दिवशी पाहुणे येण्याची खोड. म्हस्कूनं आर्जवं केली, मग सोडून दिलं. चैत्रात पाणी तळाला जाई, कुजक्या उंबरांचा आणि पाल्याचा वास सुटे, पाण्याला चहासारखा रंग येई. तेव्हा म्हस्कू आणखी एक मूठ टाकी. वास जाई. म्हणजे त्या वासावर पावडरीचा वास बसे. अठ्ठ्याऐंशीनंतर त्या विहिरीचा गाळ निघालाच नाही.

लोक कुरकुरत. चहा बिघडतो, डाळ शिजत नाही, असं सांगत बाया आपापल्या शेतातल्या विहिरींवर जायला लागल्या. म्हस्कू धास्तावला, कारण शेतातल्या विहिरींत पावडर कोण टाकतो? मग त्यानं एक युक्ती काढली. रोज सकाळी पावडर टाकून ठरला वेळ झाला की पहिला तांब्या आसराबाईनं सगळ्यांसमोर काठावर उभं राहून प्यायचा. पाणीवाल्याच्या बायकोनं प्यायलं म्हटल्यावर बोलायला जागा राहत नाही. आसराबाई तोंड वाकडं न करता तांब्या रिकामा करी, पदरानं ओठ पुसून म्हणे, "गोड हाय, भरा." गावाला तिचा विश्वास वाटे. दहा-बारा वर्षं तिनं हे केलं, आणि घरीदारी, शेतात, पाहुण्यांकडे जातानासुद्धा किटलीत हेच पाणी भरून नेलं, दुसरं कधी घेतलं नाही. नवऱ्याची लाज राखायची तर अर्धीमुर्धी राखून चालत नाही, असा तिचा स्वभाव.

नव्याण्णव साली तिच्या लघवीतून रक्त जायला लागलं. बाईमाणसानं हे सांगायचं कसं, म्हणून चार महिने लपवलं. शेवटी एकदा न्हाणीत चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं. भोकरदन झालं, जालना झालं, मग मोठ्या शहरातला दवाखाना झाला. लघवीच्या पिशवीचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी म्हस्कूला विचारलं, बाई तंबाखू खातात का? मिश्री लावते, म्हस्कू म्हणाला. डॉक्टरांनी मान हलवून लिहून घेतलं. म्हस्कूनंही मनात लिहून घेतलं की मिश्रीनं झालं. घरी आल्यावर त्यानं मिश्रीची डबी उकिरड्यावर भिरकावली आणि बायकोवर ओरडला. त्या ओरडण्याची त्याला पुढं फार लाज वाटली.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात एक जीप आली. शहरातल्या कॉलेजात शिकवणाऱ्या इंद्रायणीबाई आणि त्यांच्या सोबत काळ्या बाटल्या, बर्फाची पेटी. बाई मूळच्या जिल्ह्यातल्याच वाटूर गावच्या, त्यामुळं पाटावर बसून भाकरी खाल्ली आणि तासाभरात गावाच्या झाल्या. जिल्ह्यातली काही गावं निवडून तिथल्या पिण्याच्या पाण्याची तपासणी चालली होती. पाण्याच्या बाटल्या भरून झाल्यावर त्यांनी घरोघरी विचारलं, किती वर्षं हे पाणी पिता, दिवसाला किती, घरात कोणाला काय आजार. संध्याकाळी चावडीत लोक जमले.

"पावडरीनं जंतू मरतात, ते चांगलंच हाय," बाई म्हणाल्या. "पण पाण्यात कुजलेला पालापाचोळा असला आणि त्यात पावडर जादा पडली, तर त्या दोघांची गाठ पडून पाण्यात काही नवीच रसायनं तयार होतात. असं पाणी वर्षानुवर्षं पिलं तर काही कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, असं तपासणाऱ्यांना वाटून राह्यलंय. लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरचा जास्त. किती वाढतो, तेच आम्ही मोजतोय."

कोणी वळून म्हस्कूकडे पाहिलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

रामराव म्हणाले, "मंग पावडर बंदच करून टाकू, बाई."

"आजिबात न्हाई!" बाईंचा आवाज चढला. "जंतू आठ दिवसांत मारतात, मामा. हा धोका वीस-तीस वर्षांचा, तो बी हजारांत थोड्यांना. पावडर थांबवायची न्हाई. मोजून टाकायची, आणि विहीर स्वच्छ ठेवायची. बस."

सभा उठल्यावर बाई फॉर्म घेऊन म्हस्कूजवळ आल्या. "मामा, पावडर मोजून टाकता?"

"मोजून टाकतो." वाटी तर मोजूनच टाकत होता.

"गाळ कधी काढला?"

"लई दिवस झाले."

"पाला काढायचा, जादा टाकायची न्हाई, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

म्हस्कूनं चावडीच्या दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. "न्हाई," तो म्हणाला. "कोणीच न्हाई सांगितलं."

बाईंनी तसं लिहिलं. मग म्हस्कूनं विचारलं, "बाई, माझी मालकीण त्याच दुखण्यानं आजारी हाय. ह्या पाण्यानंच झालं का?"

इंद्रायणीबाईंनी फॉर्म खाली ठेवला. "एका माणसाचं सांगता येत न्हाई, मामा. हजार माणसं घेतली तर त्यांत एखाद-दुसरं जास्त, एवढंच सांगता येतं. ते एखादं कोणतं, हे कोणालाच कळत न्हाई. मिश्रीनं बी झालं असंल. उगीच बी होतं."

होय म्हणाल्या असत्या तर म्हस्कू नदीवर जाऊन छाती पिटून रडला असता. नाही म्हणाल्या असत्या तर त्यानं जेवण केलं असतं. त्या दोन्ही म्हणाल्या नाहीत. आपल्याला शिक्षा झाली की नाही हेच ज्याला कळत नाही, त्या माणसानं झोपावं कसं?

दुसऱ्या दिवशी तो विहिरीवर गेला, वाटी भरली, बादलीवर धरली, आणि हात उलटाच होईना. त्यानं वाटी परत पिशवीत ओतली. बाई जे ठासून सांगून गेल्या होत्या ते त्याच्या कानांवर पडलं होतं, पण मनात शिरलं होतं फक्त कॅन्सरचं. तिसऱ्या दिवशीही तसंच. रोज तो बादलीत साधं पाणी कालवून विहिरीत सोडत राहिला, लोकांना दिसावं म्हणून. बारा दिवस असे गेले. वळवाचा पाऊस येऊन शेणामातीचं पाणी विहिरीत उतरलं आणि तेराव्या दिवशी शेजारच्या कचरूच्या सुनेला आणि तिच्या तान्ह्या लेकराला जुलाब सुरू झाले.

कचरू ट्रॅक्टरवर दोघांना घालून भोकरदनला निघाला तेव्हा म्हस्कू ट्रॅक्टरच्या मागं धावत होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो दोन दिवस उकिडवा बसून होता. सलाइन चढलं, लेकरानं डोळे उघडले, सून बोलायला लागली. कचरूनं येऊन म्हस्कूच्या खांद्यावर हात ठेवला, "म्हस्कूभाऊ, तुझ्यावाणी शेजारी मिळत न्हाई." म्हस्कूनं खांदा काढून घेतला. जास्त टाकलं तरी मी, नाही टाकलं तरी मीच, एवढंच त्याला कळत होतं.

घरी आल्या आल्या त्यानं वाटीनं मोजून पावडर टाकली, वर मूठ टाकली नाही, आणि मग आसराबाईच्या खाटेजवळ जाऊन बसला. ती तेव्हा पार वाळून गेली होती. त्यानं सगळं सांगितलं. भुजंग काय बोलला होता ते, मुठी, पाला, चावडीतलं खोटं, बारा दिवसांचं साधं पाणी. सांगून झाल्यावर तिचा हात धरून म्हणाला, "एकदा म्हण, तुमच्यानं न्हाई झालं."

आसराबाईची नजर आढ्याकडे होती.

"तुम्ही बेबीच्या नावानं टाकत व्हते, हे मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "म्हणून तर पीत गेले. पण पाला कामून न्हाई काढला?"

म्हस्कूनं तिच्या अंगावरची वाकळ सारखी केली.

"त्या तपासणीवाल्या बाईला जे कळंना, ते मी कसं सांगू? मला दुखून राह्यलंय, आवो. मला जगायचं व्हतं. तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी आता काय बी म्हणणार न्हाई." तिनं हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "पाठीला जरा उशी द्या."

त्यानं उशी दिली. तिनं त्याला शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्यानंतर म्हस्कू एकटाच विहिरीत उतरला. आठ माणसांची त्यानं वाट पाहिली नाही. दोरखंड उंबराला बांधला, खाली जाऊन टोपलीत गाळ भरायचा, वर यायचं, टोपली ओढायची, पुन्हा उतरायचं. वय पन्नाशीच्या पुढं. तिसऱ्या दिवशी कचरू आला, त्याच्यामागून आणखी दोघं, मग कोणालाच पाहुणे येईनात. बारा वर्षांचा काळा, कुजका गाळ काठावर पसरला तेव्हा बाया नाकाला पदर लावून बघत राहिल्या. हे आपण पीत होतो? विहिरीवरच्या फांद्या छाटल्या, तोंडावर जाळी बसली. आसराबाईला नवीन पाण्याचा पहिला तांब्या त्यानं नेला नाही. तिच्यासाठी तो केदारखेड्याच्या हापशावरून वेगळं पाणी आणी. उशीर झाला होता हे त्यालाही कळत होतं.

संक्रांतीच्या आधी ती गेली.

त्या उन्हाळ्यात इंद्रायणीबाई पुन्हा आल्या, पुन्हा बाटल्या भरल्या. महिन्याभरानं कागद घेऊन आल्या तेव्हा फार खुशीत होत्या. चावडीत लोक जमले. ज्या ज्या गावांत तपासणी झाली, त्यांत ह्या गावाइतका फरक कुठंच पडला नव्हता. मागच्या वर्षी ती रसायनं जेवढी होती, त्याच्या पाव हिश्शावर आली होती, आणि जंतू तर नव्हतेच. "काही खर्च न्हाई, मशीन न्हाई," बाई सांगत होत्या. "पाला काढला, गाळ काढला, पावडर मोजून टाकली. एवढंच केलं ह्या मामांनी. बाकीच्या गावांना मी हेच दाखवणार हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रामरावांनी नारळ आणि उपरणं आणवलं होतं. म्हस्कूला हाताला धरून पुढं आणलं, उपरणं खांद्यावर घातलं. तो कागदाकडे बघत होता. त्यातलं एक अक्षर त्याला कळत नव्हतं, पण पाव हिस्सा कळत होता. चार मुठींतली एक. म्हणजे हे इतकं कमी होऊ शकत होतं, आणि ते व्हायला थोडे दिवस आणि एक टोपली पुरली होती.

बाईंना त्याचा चेहरा दिसला असावा. त्या जवळ आल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा मायेच्या आवाजात म्हणाल्या, "मामा, मनाला लावून घेऊ नका. तुमची काय चूक? तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं."

चावडीतले सगळे माना डोलवायला लागले. कचरूही, रामरावही. सुटायला दार सताड उघडं होतं, आणि आता त्याला अडवणारं घरातही कोणी नव्हतं.

म्हस्कूनं उपरणं काढून सतरंजीवर ठेवलं.

"सांगितलं व्हतं, बाई," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं. तुमच्या कागदावर ते बदलून लिवा."